सून घरी आली आहे

२ जानेवारी, शुक्रवार. सकाळी, चहा झाल्यावर

ही डायरी राधेश्यामशेठच्या बियाण्याच्या दुकानातली. हे तिथं कामाला असतात, नवीन जालन्यात, म्हणून दर साली एक डायरी घरी येते. हे तिच्यात काही लिहीत न्हाईत. यांच्याजवळ सांगायला काही नसतंय. मागच्या सालच्या डायरीत नुसतं एका जागी "दाढीचं ब्लेड" लिहिल्तं.

मंग मी लिहून राह्यले. मी तिसरी पास आहे. चौथीत गेल्ते, पण म्हैस व्याली आन शाळा राह्यली ती राह्यलीच. अक्षर माझं मोठं आहे, तेवढं सोडलं तर वाचता येतंय.

कारण असं की, मोबाईलमधल्या मॅडम म्हणल्या, नवीन सालात अफरमेशन चालू करा. आपल्याला जे पाह्यजे ते झालं आहे असं लिहायचं. होईल म्हणायचं न्हाई, होऊ दे म्हणायचं न्हाई. झालं आहे. आन ते स्टेटसला टाकायचं, चार लोकांनी पाह्यलं की त्याला जोर येतो. एकवीस दिवस. मॅडमची साडी मोरपंखी होती, काठ बारीक. आपल्या मस्तगडात तशी कुठंच मिळायची न्हाई.

मला काय पाह्यजे? तसं सगळं आहे. हे आहेत, अंगद आहे, एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये त्याची पक्की ड्यूटी आहे. फक्त सूनबाई शीतल आन नात मोनाली अंबडला गेल्यात, माहेरी. भाऊबीजेला चार दिवसांसाठी गेली. आता दोन महिने झाले. माहेर म्हणल्यावर बाई दिवस मोजत न्हाई. लोक म्हणतात रागावून गेली. मला बिलकुल तसं वाटत न्हाई. जाताना तिनं मला वाकून नमस्कार केल्ता, तोंड दुसरीकडं होतं एवढंच.

उद्यापासून चालू.

४ जानेवारी

काल पहिलं टाकलं. मी बोलते न मोबाईल लिहितो. "माझं मन शांत आहे" म्हणले. त्यानं लिहिलं, "माझं मन शांता आहे." चौदा जणांनी इचारलं शांता कोण. नांदेडच्या मामेसासूनं तर थेट यांनाच फोन लावला. हे म्हणे, मला काय माहीत.

पण पाह्यलं किती जणांनी, तर एकतीस. आन त्यात शीतल. सात वाजून बारा मिनिटांनी. माझ्या अंगावर काटा आला. बोलत न्हाई, फोन उचलत न्हाई, पण सासूचं स्टेटस पाहाती. काळजी असल्याशिवाय कोण पाह्यतंय.

६ जानेवारी

आज मॅडमनं नवीन नियम सांगितला. "न्हाई" हा शब्द तोंडातून काढायचा न्हाई. वर तो ऐकू जात न्हाई म्हणे. आपण म्हणलं दुखणं न्हाई पाह्यजे, तर वर ऐकू जातंय दुखणं पाह्यजे. वरचे पण आपल्या यांच्यासारखेच, अर्धं ऐकतात.

म्हणून अंगदला म्हणले, बाळा, घरात मीठ आलं आहे. तो बरं म्हणला न ड्यूटीला गेला. दोघं जण अळणी वरण जेवलो. मीच नंतर लालबीकडून वाटीभर आणलं.

लालबी म्हणजे समोरची. चाळीस साल झाले, तिचं दार न माझं दार तोंडातोंडी. तिला नियम सांगितला. ती म्हणली, तेरेकू तो नै बोलनाच नै आता, पहले से.

७ जानेवारी

"माझे गुडघे वीस वर्षाच्या पोरीचे आहेत." पाह्यलेले ४४. शीतल ८:०३.

दुपारी जिना उतरताना बसलेच खाली. लालबीनं उठवलं.

९ जानेवारी

आनंदाची बातमी. राधेश्यामशेठनं मधे पडायचं ठरवलंय. शीतलचं स्थळ त्यांनीच आणल्तं, तिच्या माहेरचे त्यांना मानतात. येत्या रविवारी न्हाई, त्याच्या पुढच्या रविवारी, म्हणजे अठरा तारखेला, अंबडला मोनालीचं बोरन्हाण ठेवलंय. लेकराची पहिलीच संक्रांत. शेठ आपल्या गाडीत अंगदला घेऊन जाणार, बोरन्हाणाचं जेवणार, दोन गोष्टी बोलणार, आन शीतलला न लेकराला गाडीत घालून आणणार. शीतलच्या आईशी, चांगुणाबाईशी, बोलणं झालंय. शीतलला धाडायला हो म्हणल्यात.

मी इचारलं, मी कोणती साडी नेसू. अंगद म्हणला, आई, तुला न्यायचं न्हाई असं ठरलंय. तिकडूनच तसं आलंय.

बराबर आहे. अंबडचा रस्ता खराब, माझे गुडघे असे. चांगुणाबाईला पहिल्यापासून माझी फार काळजी.

आन आठवडाभरात हे जुळलं. मी अफरमेशन चालू केल्यापासून. शेठला श्रेय जाईल, जाऊ दे.

११ जानेवारी

लालबी काहीबाही बोलते. म्हणे, शीतल तुझ्या मोबाईलपायी गेली. मी म्हणले, कशी काय? ती म्हणे, याद कर.

याद काय करायचंय, मला सगळं पाठ आहे. दीड साल झालं, शीतलला दिवस गेल्ते तेव्हा मी मॅडमचं ऐकून सहा महिने रोज स्टेटस टाकलं, "आमच्या घरी कृष्ण आला आहे." तिसरा महिना लागला त्याच दिवशी चालू केलं. शीतल म्हणली, आई, एवढ्यात कुणाला सांगू नका. मी म्हणले, मी सांगत कुठं आहे, लिहून राह्यले. मंग मागच्या फेब्रुवारीत मोनाली झाली. थोडा फरक पडतो, चालतंय. पण लोकांना कसं समजावं? दवाखान्यात जो येईल तो शीतलला म्हणे, पोरगा कुठंय दाखव. कुणी निळं झबलं आणलं, कुणी बाळकृष्णाची मूर्ती. पाच-सहा दिवस असंच. शीतल भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. बाळंतीण थकतीच.

मंग बारशाचा फोटो टाकला, त्यात ती रडून राह्यल्ती. मी लिहिलं, आनंदाश्रू. दोनशे लोकांनी पाह्यलं. एवढं प्रेम कुणाच्या सुनेला मिळतंय?

याच्यात पळून जाण्यासारखं काय आहे?

१४ जानेवारी, संक्रांत

तीळगूळ केला. पाक थोडा चढला, हे खलबत्त्यात फोडून खाऊन राह्यले.

मनात एकच. रविवारी शीतल येणार. पण नुसतं शेठच्या भरवशावर कसं सोडावं? गाडी बंद पडती, माणूस फिरतंय. इतके दिवस मी मन, गुडघे असलं किरकोळ मागत बसले. खरी गोष्ट मागितलीच न्हाई. मॅडमनं आज तेच सांगितलं. जे हवंय ते स्पष्ट, नावानिशी, फोटोसकट. जणू डोळ्यासमोर झालंय.

उद्या मोठं अफरमेशन.

१५ जानेवारी. दुपारी दोन

मोंढ्यातून बोरं आणली, मुरमुरे, उसाचे करवे, गाठी. हलव्याचे दागिने आणले, लेकराच्या मापाचे. मुकुट इतका गोड आहे. ताट भरलं, समईजवळ ठेवलं, फोटो काढला. त्याच्याजवळ शीतलचा जुना फोटो जोडला, मोनालीला मांडीवर घेतलेला. वर माझा चेहरा गोलात.

लिहिलं: "माझी सून शीतल घरी आली आहे. माझी नात मोनाली घरी आली आहे. बोरन्हाण थाटात झालं आहे. घर भरलं आहे."

बिलकुल चूक न्हाई पडली. शांता पण न्हाई आली. स्टेटसला टाकलं, फेसबुकला टाकलं, भावकीच्या ग्रुपला टाकलं, आन शीतलच्या माहेरचा एक ग्रुप आहे, लग्नातला, त्यालाही टाकलं. त्यांच्याही मनाला बरं वाटावं.

लिहिताना मला खरंच दिसलं. मोनालीच्या केसात मुरमुरा अडकलाय न शीतल तो काढून राह्यलीय. मी तिथंच बसून डोळे पुसले.

१६ जानेवारी

एकशे बारा अंगठे. फेसबुकला वेगळे.

अभिनंदन, अभिनंदन. मामेसासूचा फोन. ज्या बाया दोन महिने नळावर मला पाहून गप व्हायच्या त्या आपणहून बोलल्या. फक्त गल्लीतली बेबीनंदा रुसली. म्हणे, गल्लीतल्या गल्लीत बोरन्हाण केलं न आम्हाला हाळी न्हाई मारली. आता तिला काय सांगावं? मी ताटातली बोरं पिशवीत घालून दिली, म्हणले घाईत झालं. तिनं घेतली. दुसऱ्या शेजारणीला, नंदाबाईला, पण दिली, ती इचारत होती लेकरू रडलं का. मी म्हणले, बिलकुल न्हाई रडलं, हसत होतं.

लालबी दारातच उभी होती. सगळं ऐकलं तिनं. बाया गेल्यावर आत आली, माझ्या घरातल्या दोन्ही खोल्या पाह्यल्या, आन माझं नाव घेऊन म्हणली, "अगे गोजर, आयी नै तो आयी करके कायकू लिखी?"

मी तिला समजावलं. आली म्हणल्याशिवाय येत न्हाई, येईल म्हणलं तर येईल-येईलच राहातंय. ती चहा न पिता गेली. तिला मॅडम दिसत न्हाईत, तिचा मोबाईल बटणाचा.

१७ जानेवारी

शीतलनं आज पाह्यलं न्हाई. यादीत तिचं नावच न्हाई. तिचा फोटो पण गेला, तिथं करडा गोल आलाय. मोबाईल बिघडला असणार. न्हाईतर नजर लागू नये म्हणून काढला असेल, उद्या प्रवास आहे लेकराला घेऊन. शहाणी आहे.

मधली खोली झाडली. पाळण्याची दोरी बदलली. गाठ यांच्याकडून मारून घेतली, माझ्यानं घट्ट बसत न्हाई.

१८ जानेवारी, रविवार. सकाळी

अंगद निघाला. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट. पिशवीत काळं झबलं, मोनालीसाठी. मी हलव्याचे दागिने दिले तर म्हणला, राहू दे. मी तरी कोंबले.

पुरणाची डाळ शिजायला टाकली.

त्याच दिवशी, सात वाजता संध्याकाळी

अंगद आला. एकटा. जेवला न्हाई. पिशवी आहे तशी खुंटीला अडकवली.

पुरण झाकून ठेवलंय.

१९ जानेवारी

आज कळलं. सगळं लिहिते, म्हणजे कुणाची चूक ते मलाच नीट दिसंल.

अंगद माझं स्टेटस कधी उघडत न्हाई, तो काल शेठच्या दुकानी गेला तर कुलूप. फोन केला तर शेठ तिरुपतीच्या गाडीत. ते म्हणे, अरे, तुझ्या आईचं स्टेटस पाह्यलं, सून आली, बोरन्हाण झालं, मला आनंद झाला, म्हणून शनिवारीच निघालो. मंग अंगद बसनं गेला. पोचायला दुपार झाली.

अंबडला मांडव घातल्ता. पन्नास माणसाचं जेवण केल्तं चांगुणाबाईनं. आले अकरा जण. बाकीच्यांनी लग्नाच्या ग्रुपवर पाह्यलं न समजले, बोरन्हाण जालन्यात होऊन गेलं. वर फोनवर फोन, पोरगी सासरी गेली न आम्हाला सांगितलं सुद्धा न्हाई. मोनालीवर बोरं टाकली तेव्हा वेचायला लेकरंच नव्हती. शेजारची दोन, तीही मोठी. शीतलनं खाली बसून स्वतः गोळा केली म्हणे.

मी म्हणले, अरे, मी काय वाईट लिहिलं? चांगलंच लिहिलं.

अंगद कधी मोठ्यानं बोलत न्हाई. आजही न्हाई बोलला. पायात मोजे घालता घालता म्हणला, "आई, ती यायला तयार होती. तिची एकच अट होती. तिचं न लेकराचं मोबाईलवर काही टाकायचं न्हाई. मी हो म्हणून बसल्तो."

मंग मला आधी का न्हाई सांगितलं, मी इचारलं.

"शेठ म्हणले, घरी आल्यावर आपण हळूच सांगू. आधी सांगितलं तर तू तेच स्टेटसला टाकशील."

हे मला लागलं. मी असं कधी करीन का?

२० जानेवारी

अंगदनं ते काढून टाकायला लावलं. सगळीकडून. एकशे साठ अंगठे होते तोवर.

काढल्यावर वाटलं, आता उलटा जोर बसंल. म्हणून नवीन टाकलं, "कुणाचाही गैरसमज झालेला न्हाई." टाकल्यावर ध्यानात आलं, न्हाई शब्द येऊन गेला. वर काय ऐकू गेलं असंल देव जाणे.

शीतलला बोलून निरोप पाठवला. तीन मिनिटांचा. पहिलं मिनिट मी खोकलेच. मंग म्हणले, बाई, चुकलं असंल तर पदरात घे, पण मी मनापासून केलं. एकच बरोबरची खूण आली, दुसरी येत न्हाई. लालबीच्या सुनेला दाखवलं. ती म्हणली, खाला, उन्होने आपको ब्लॉक किया. लालबी तिच्यावर ओरडली, कायकू बोली.

ब्लॉक म्हणजे काही कायमचं नसतंय.

२३ जानेवारी

एकवीस दिवस आज पुरे झाले.

अंगदनं सांगितलं, एमआयडीसीकडं खोली पाह्यलीय. ड्यूटी जवळ पडते, पहाटेची पाळी असते, इथून जाण्यात वेळ जातो. मी म्हणले बराबर आहे, पोराची झोप महत्त्वाची. गादी, दोन पातेली, कुकर नेला. छोटा टेम्पो आणल्ता मित्राचा.

टेम्पोत पाळणा पण चढवला. मी इचारलं, एकट्याला पाळणा कशाला? तो दोरी गुंडाळत होता. म्हणला, ठेवून देतो तिकडं.

हे दारात उभे होते. यांनी पाळण्याला हात लावून दिला, टेम्पोत नीट बसंल असा.

१ फेब्रुवारी, रविवार

शेठ तिरुपतीहून आलेत, लाडू घेऊन आले. बोलता बोलता म्हणले, चला, गुरुवारी शीतल आली, जिवावरचा भार उतरला. मंग माझं तोंड पाह्यलं न लाडवाचा डबा उघडत बसले.

आली म्हणजे कुठं, तर एमआयडीसीतल्या खोलीवर.

म्हणजे आली की. मी लालबीला ओरडून सांगितलं, आली बरं का. जालन्यातच आहे. रिक्षानं वीस मिनिटं. ती आली न माझ्याजवळ बसली. मी म्हणले, लालबी, झालं बघ, मी लिहिलं तसंच झालं, फक्त घर वेगळं पडलं. ती माझ्या हातावर हात ठेवून बसली. तिचे हात कायम ओले असतात, भांड्यावरून उठून येती.

अंगदला फोन केला. म्हणले, पत्ता सांग, येते मी, उद्या. तो म्हणला, आई, एवढ्यात नको. मी म्हणले, मोबाईल घरी ठेवून येते. तो म्हणला, ती म्हणते, मोबाईल न्हाई आणला तरी आई आल्यावर गल्लीला कळतंय.

मी म्हणले, मी कुणाला सांगणार आहे. तो म्हणला, बरं, ड्यूटीची वेळ झाली.

४ फेब्रुवारी

मॅडमचं चॅनल लावलं. आज क्षमेवर होतं. अर्धं पाह्यलं.

स्टेटसला काही टाकलं न्हाई. कुणी इचारलं पण न्हाई का टाकलं न्हाई.

६ फेब्रुवारी

एमआयडीसीत खोल्या किती असतील? नंदाबाईचा जावई तिकडंच राहतो. तिला इचारावं वाटलं. मंग वाटलं, इचारलं तर ती इचारंल का इचारता. न्हाई इचारलं.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी

आज कळलं, हे तिकडं जातात. मागच्या रविवारी पण गेल्ते. मला म्हणले दुकानात काम आहे. आज बनियनच्या खिशात मुरमुरा सापडला, तेव्हा इचारलं. खोटं बोलता येत न्हाई यांना. म्हणले, हो, जातो.

यांना बोलावतात. यांनी सांगायचं न्हाई अशी अट आहे, आन हे तर तसंही काही सांगत न्हाईत.

मी भांडले न्हाई. वाढलं. समोर बसले. म्हणले, पत्ता नका सांगू, पण लेकरू कसं आहे ते तरी सांगा. हे भाकरी मोडत राह्यले. मंग म्हणले, "चालली."

कोण चालली?

"मोना. चार पावलं."

मी म्हणले, कधी, कशी, कुणाकडं चालली, पडली का, हसली का, पायात काय होतं? हे म्हणले, चांगली चालली. आन भाजी मागितली.

एवढं सगळं पाहून आलेलं माणूस, आन दोन शब्द. मी असते तर अख्ख्या मस्तगडाला एक एक पाऊल सांगितलं असतं. म्हणून मी न्हाई तिथं, हे मला कळतंय. आज कळलं असं न्हाई, पण आज लिहिलं.

मोबाईल हातात घेतला. "नात चालायला लागली आहे." खरं आहे, झालं आहे, मॅडमला पाह्यजे तसंच आहे. बोट ठेवलं न काढलं. लालबीचं दार उघडं होतं, तिला पण न्हाई सांगितलं. हितं लिहिते, हे कुणी वाचत न्हाई.

चार पावलं म्हणजे खाटेपासून दारापर्यंत असतील. न्हाईतर दारापासून आत, शीतलकडं. यांना तेवढंच इचारायचं राह्यलं. दारात येऊन पाह्यलं, तर हे सायकल काढून गेल्ते.